सगळे सारखेच म्हणून हात झटकण्यापूर्वी : निराश तरुण मतदारांचे नेहमीचे प्रश्न

ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्यांनी महाराष्ट्रात आयुष्यातले पहिले मत दिले, त्यांनी पुढच्या पाच वर्षांत राष्ट्रपती राजवट, पहाटेचा शपथविधी, तीन मुख्यमंत्री आणि दोन पक्षांतली उभी फूट पाहिली. त्यांच्याकडून आणि त्यांच्यानंतर यादीत आलेल्यांकडून जे प्रश्न सतत ऐकू येतात, त्यांतले काही येथे घेतले आहेत. उत्तरे कोणत्याही पक्षाची वकिली करण्यासाठी लिहिलेली नाहीत. मात्र जिथे मत मांडणे आवश्यक वाटले तिथे ते मांडले आहे.

राजकारणाचा वीट आला असे म्हटले की घरातली मोठी माणसे म्हणतात, "तुम्हाला अजून जग कळलेले नाही." हे खरे आहे का?

नाही. घटनांचा क्रम नुसता ओळीने लावला तरी या वैतागाचे कारण समजते. २०१९ मध्ये भाजपने १०५ आणि शिवसेनेने ५६ जागा जिंकल्या, आणि दोघांनी युती म्हणून मते मागितली होती. निकालानंतर महिनाभराने, २३ नोव्हेंबरला, राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. तीनच दिवसांत ते सरकार गेले आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांनी राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर शपथ घेतली. जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, आणि ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले. २ जुलै २०२३ रोजी अजित पवार आपल्या सहकाऱ्यांसह त्याच सरकारात दाखल झाले. चार प्रमुख पक्षांपैकी कोणालाही मत दिलेले असो, ते मत कधी ना कधी ज्यांच्याविरुद्ध दिले होते त्यांच्याच पंगतीला जाऊन बसले.

मोठ्या माणसांनी १९७८ मधला, शरद पवारांनी काँग्रेसमधून फुटून केलेला पुलोद आघाडीचा प्रयोग पाहिलेला असतो, त्यानंतरच्या फाटाफुटीही पाहिलेल्या असतात, त्यामुळे त्यांना आता काहीच खटकत नाही. ते न खटकणे म्हणजे शहाणपण, असे समजण्याचे कारण नाही.

मी एका पक्षाला मत दिले आणि आमदार दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. पक्षांतरबंदीचा कायदा असताना हे कसे चालते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले तर निराशेला नेमका पत्ता मिळतो.

१९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजेच पक्षांतरबंदीचा कायदा, आले. त्यात मूळ सवलत अशी होती की एक तृतीयांश आमदार फुटले तर ती पक्षातली फूट मानायची आणि कोणालाही अपात्र ठरवायचे नाही. एकट्याने पळालेला अपात्र आणि टोळीने पळालेले पात्र, असा हा प्रकार होता. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. विलीनीकरणाची वाट मात्र उघडी राहिली : दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षातल्या विलीनीकरणाला तयार असतील तर त्यांची आमदारकी वाचते. गोव्यात या वाटेचा वापर कसा होतो हे दोनदा दिसले. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपमध्ये प्रवेश केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदारांनी. दुसऱ्या वेळची गंमत अशी की त्याच वर्षी निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांना मंदिर, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली गेली होती. देवाला साक्षी ठेवूनही जे टिकले नाही, ते परिशिष्टाच्या बळावर टिकेल अशी आशा कोणत्या तोंडाने करायची?

महाराष्ट्रात विलीनीकरणही झाले नाही. फुटलेल्या गटांनी थेट "मूळ पक्ष आम्हीच" असा दावा केला, आणि निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेना हे नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे नाव व घड्याळ अजित पवार गटाला दिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्याचा निर्णय समर्थनीय नव्हता असे म्हटले, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे असेही म्हटले, परंतु ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला असल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे गेला. तो १० जानेवारी २०२४ रोजी आला, म्हणजे बंडानंतर सुमारे दीड वर्षाने, आणि त्यात दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

खरी मेख येथे आहे. निवाडा करणारे अध्यक्ष स्वतः कोणत्या तरी पक्षाचे असतात, आणि निवाड्याला कायद्याने मुदत घालून दिलेली नाही. मणिपूरच्या एका प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधारणतः तीन महिन्यांत निर्णय व्हावा असे म्हटले होते, पण ते परिशिष्टात लिहिलेले नाही. आमदारकीची मुदत पाच वर्षांची आणि निवाडा तिच्या अखेरीला, अशी व्यवस्था असेल तर फुटणाऱ्याने घाबरावे कशाला? "राजकारणी नालायक आहेत" या वाक्यापेक्षा "अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण हवे आणि निर्णयाला मुदत हवी" ही मागणी अधिक अडचणीची आहे, कारण पहिल्या वाक्याला उमेदवारही हसून मान डोलावतो.

म्हणजे शेवटी सगळे पक्ष सारखेच, असेच ना?

हे वाक्य सर्वाधिक कोणाच्या सोयीचे आहे याचा विचार करावा. जो आमदार फुटला नाही, जो सभागृहात प्रश्न विचारतो, ज्याच्या कार्यालयात कागद हलतो, त्याला या वाक्यातून काहीही मिळत नाही. ज्याने यांतले काहीच केले नाही त्याला मात्र सरसकट माफी मिळते. पक्षांच्या पातळीवर बरेचसे सारखेपण आहे हे मान्य करावे लागते. पण मतपत्रिकेवर नाव माणसाचे असते आणि माणसामाणसांत फरक असतो.

वाहिन्यांवरच्या चर्चा ऐकवत नाहीत. सार्वजनिक चर्चा इतकी कशी घसरली?

दिवस कसा जातो ते पाहिले तर उलगडा होतो. सकाळी नऊच्या सुमारास एका बाजूचे प्रवक्ते कॅमेऱ्यांसमोर येतात. विरोधक त्याला "सकाळचा भोंगा" म्हणतात, आणि मग त्याच भोंग्याला उत्तर द्यायला दहा-अकरा वाजता स्वतः कॅमेऱ्यांसमोर येतात. दुपारभर उत्तराचे प्रत्युत्तर चालते. संध्याकाळी या साऱ्याचे तुकडे दाखवून सहा-आठ चौकटींत माणसे बसवली जातात, निवेदक प्रश्न विचारतो, उत्तराचे पहिले वाक्य पूर्ण होण्याआधी दुसऱ्या चौकटीतून "तुमच्या काळात काय झाले?" असा आवाज येतो, आणि जाहिरातीची वेळ होते. या संपूर्ण दिवसात कोणालाही कार्यालयाबाहेर फारसे जावे लागलेले नसते. गडचिरोलीला वार्ताहर पाठवायचा तर गाडी, मुक्काम आणि दोन दिवस लागतात. दारात उभ्या असलेल्या प्रवक्त्यासमोर माईक धरायला काहीच लागत नाही. चर्चेचा दर्जा घसरण्यामागे माणसांच्या स्वभावापेक्षा हा हिशेब जास्त कारणीभूत आहे, असे माझे मत आहे.

नेत्यांनीही हे ओळखले आहे. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनातले कोणते विधेयक आठवते, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील. विधानभवनाच्या पायऱ्यांवरची "पन्नास खोके, एकदम ओके" ही घोषणा मात्र सर्वांना आठवते. त्याआधी गुवाहाटीच्या "काय झाडी, काय डोंगर"वर गाणी निघाली. आपणही ती पुढे पाठवली, हे कबूल करायला हरकत नाही. विनोद चांगलाच होता. जुलै २०२५ मध्ये विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांच्या समर्थकांमध्ये हाणामारी झाली, आणि त्याच सुमारास सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप एका मंत्र्यावर झाला, तेव्हा त्या अधिवेशनात काय मंजूर झाले हा विषय पुन्हा मागे पडला.

उपाय म्हणून वाहिन्या बंद करणे सोपे आहे आणि ते करावेच. पण त्याऐवजी काही तरी वाचावे लागते : विधिमंडळातली प्रश्नोत्तरे, अर्थसंकल्पाची पुस्तिका, आपल्या जिल्ह्याच्या पानावरची छोटी बातमी. ते कंटाळवाणे असते आणि त्याला पर्याय नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांमध्ये हा राग सर्वाधिक का दिसतो?

कारण सरकारशी त्यांची गाठ दररोज पडते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, आणि अर्जाचे शुल्क खुल्या वर्गासाठी १,००० रुपये व राखीव वर्गासाठी ९०० रुपये होते. ज्या घरात महिन्याची मेस आणि अभ्यासिकेचे भाडे गावाहून येते, तेथे हजार रुपये ही लहान रक्कम नसते. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये म्हाडाची भरती परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. ती घोषणा झाली तेव्हा अनेक उमेदवार परीक्षेच्या गावी पोहोचलेले होते. आरोग्य विभागाच्या परीक्षेचा पेपर फुटला, शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा उघड झाला. या मुलांना राजकारणाची माहिती वाहिन्यांवरून मिळत नाही, प्रवेशपत्रावरून मिळते.

त्यांच्याच अनुभवात एक उलटे उदाहरणही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यात राज्यसेवेची वर्णनात्मक पद्धत २०२५ पासून लागू करा या मागणीसाठी विद्यार्थी रस्त्यावर बसले. अलका चौकाच्या परिसरात मध्यरात्रीपर्यंत मुले बसून होती, पाठीवर दप्तरे तशीच, काहींच्या हातात पुस्तके उघडी. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही त्यांची दखल घेतली आणि काही दिवसांत मागणी मान्य झाली. तेव्हा कसबा पेठेची पोटनिवडणूक तोंडावर होती. २६ फेब्रुवारीला मतदान होते. ऑगस्ट २०२४ मध्ये शास्त्री रस्त्यावर पुन्हा आंदोलन झाले, २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढे गेली, आणि तेव्हा विधानसभा निवडणूक तीन महिन्यांवर होती. दोन्ही वेळी मागणी न्याय्य होती हे खरे. पण न्याय्य मागण्या इतर वेळीही असतात आणि तेव्हा त्यांना इतक्या लवकर उत्तर मिळत नाही. मतदानाची तारीख जवळ असणे ही गोष्ट त्या मुलांच्या बाजूने उभी राहिली, आणि गंमत म्हणजे त्यांच्यापैकी अनेकांची नावे गावाकडच्या यादीत होती.

नोटाला, म्हणजे "यांपैकी कोणीही नाही" या पर्यायाला, मत दिले तर निषेध पोहोचतो का?

पोहोचतो, पण निकाल बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या आदेशाने नोटा आला. विधानसभा आणि लोकसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगाव या दोन मतदारसंघांत नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर होता. लातूर ग्रामीणमध्ये त्याला २७ हजारांहून अधिक मते पडली. विजयी उमेदवारांना त्याने काही फरक पडला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला आहे : तेथे नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर फेरनिवडणूक घ्यायची. ही तरतूद फार थोड्या मतदारांना माहीत आहे.

मतदानालाच गेलो नाही तर?

नोव्हेंबर २०२४ मध्ये कुलाब्यात निम्म्याहून कमी मतदान झाले आणि नक्षलग्रस्त गडचिरोली जिल्ह्यात सत्तर टक्क्यांच्या वर. न गेलेल्यांची नोंद कोणत्याही पक्षाने निषेध म्हणून केल्याचे ऐकिवात नाही. पक्ष त्यांना प्रचाराच्या खर्चातून वगळतात, एवढेच.

आमच्या वॉर्डातला नगरसेवक कोण, हेच कधी कळले नाही. यात दोष कोणाचा?

तुमचा नक्कीच नाही. मुंबई महापालिकेसाठी फेब्रुवारी २०१७ मध्ये मतदान झाले, मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर प्रशासक आला. पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. २०१७ च्या मतदानानंतर लगेच ज्याची अठरा वर्षे पूर्ण झाली, त्या मुंबईकराला आपल्या शहराच्या कारभारासाठी पहिले मत द्यायला जवळजवळ सत्तावीस वर्षांचे व्हावे लागले. पुणे, नागपूर, नाशिक येथेही चित्र याहून वेगळे नव्हते.

कारणे एकात एक गुंतलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी (स्वतंत्र आयोग, त्याने जमवलेली आकडेवारी आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा) आवश्यक ठरवली. त्यासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये आला. ठाकरे यांच्या महाविकास आघाडी सरकारने मुंबईतली प्रभागसंख्या २२७ वरून २३६ केली आणि नंतरच्या सरकारने ती पुन्हा २२७ वर आणली. प्रत्येक पावलावर याचिका झाल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा चक्रे फिरली. या काळात दोन्ही बाजूंची सरकारे होऊन गेली, आणि निवडणूक लांबल्यामुळे कोणाचीही झोप उडाल्याचे दिसले नाही.

तरुणांच्या निराशेचे हे सर्वांत कमी बोलले जाणारे कारण आहे, असे मला वाटते. नळाला पाणी का आले नाही, कचऱ्याची गाडी का चुकली, या प्रश्नांसाठी ज्याला गाठायचे तो माणूसच पिढीच्या आयुष्यातून गायब होता. त्यात महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर बंद झाल्या. २०१६ च्या कायद्यात त्यांची तरतूद आली, पण २०१९ मध्ये विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन त्या लांबणीवर टाकल्या गेल्या. पॅनेल बांधणे, हरणे, हरल्यावर विरोधकाबरोबर चहा पिणे, हे जिथे शिकायचे त्या दोन्ही जागा बंद ठेवल्या आणि मग "तरुणांना राजकारणात रस नाही" अशी तक्रार सुरू झाली.

योजनांचे पैसे मिळतात, मग तक्रार कशाला, असे विचारणाऱ्यांना काय सांगावे?

पैसे मिळणे वाईट नाही. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेतून मिळणाऱ्या १,५०० रुपयांनी अनेक घरांत बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी ती स्वतःच्या पगारावर बसून करू नये. तरुणांसाठी "लाडका भाऊ" म्हणून गाजलेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णाला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिने होती, पुढे ती वाढवली गेली, आणि मुदत संपत आल्यावर प्रशिक्षणार्थी "आता पुढे काय?" म्हणून आंदोलनाला बसले. त्यांतल्या अनेकांनी शाळांत, ग्रामपंचायतींत, शासकीय कार्यालयांत प्रत्यक्ष काम केलेले होते. काम होते, माणूस होता, पद मात्र भरले जात नव्हते. तक्रार ती आहे.

पैसा नसलेल्या तरुणाला निवडणूक लढवता येते का?

कागदावर येते. ग्रामपंचायत किंवा महापालिकेसाठी वय २१ पुरते, विधानसभेसाठी २५ लागते. विधानसभेची अनामत १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी आहे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली नाहीत तर ती जप्त होते. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे, पण ती उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. त्यामुळे मोठ्या पक्षाचा उमेदवार आणि अपक्ष यांच्यात कागदावर जी बरोबरी दिसते ती पहिल्याच सभेच्या मांडवात संपते. ग्रामपंचायत अजूनही थोड्या पैशांत लढवता येते, म्हणून सुरुवात करायची असेल तर तेथूनच करावी.

उमेदवाराची खरी माहिती कोठे मिळते?

अर्जासोबतच्या शपथपत्रात, म्हणजे नमुना २६ मध्ये. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते. स्वतःचे, जोडीदाराचे आणि अवलंबितांचे उत्पन्न, शेतजमीन गटक्रमांकासह, दागिने वजनासह, कर्जे, थकबाकी आणि प्रलंबित गुन्हे कलमांसह तेथे लिहिलेले असतात. एकाच माणसाची दोन निवडणुकांतली शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. पाच वर्षांत काय वाढले आणि कशाने वाढले, याचा अंदाज येतो. गुन्ह्यांचा रकाना वाचताना आंदोलनातले गुन्हे आणि फसवणुकीचे गुन्हे एकाच मापाने मोजू नयेत.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज राजकारणावरून वाद होतात. काय करावे?

काकांना उत्तर देऊ नये. दिवाळीत भेटायचेच आहे.

मी पुण्यात राहतो, पण नाव बीड जिल्ह्यातल्या गावी आहे. कोठे मतदान करावे?

जेथे तुम्ही सामान्यतः राहता तेथे नाव असावे, असा कायदा आहे, आणि नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो; पहिल्यांदाच नोंदणी करणाऱ्यासाठी नमुना ६ आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गाव किंवा वसतिगृह यांपैकी एक निवडता येते. आता वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाली का हे ज्या दिवशी पाहिले जाते त्या तारखा, असतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

निवड करताना एक हिशेब लक्षात घ्यावा. गावात तुमचे मत ओळखीच्या दीड-दोन हजारांत मोजले जाते, सरपंच तुम्हाला नावाने ओळखतो आणि ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो. शहरात ज्या रस्त्यावर तुम्ही मागण्यांसाठी बसता, त्या रस्त्याच्या नगरसेवकाच्या यादीत तुमचे नाव नसते. दोन्हींत काही तरी सुटते. पुढची चार-पाच वर्षे पुण्यातच जाणार असतील तर नाव पुण्यात आणावे, आणि ते निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता आणावे, कारण स्थानिक निवडणुकांसाठी यादीची तारीख आयोग आधीच ठरवून टाकतो. मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले तरी त्यासाठीची यादी १ जुलै २०२५ ची होती.